समोरची खोली

शुक्रवार, दुपार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

फोन नाही, म्हणजे तू कामात असशील असं धरून चालते. आम्ही दोघं बरे आहोत. कारखान्यात शाळेच्या गणवेशांची घाई आहे, त्यामुळे कटिंगच्या टेबलावरून मान वर काढायला फुरसत नाही. तुझे बाबा दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासतात आणि संध्याकाळी घरी येऊन माझं डोकं खातात. तुझ्या पिल्लूला रविवारी आमच्याकडे आणण्याबद्दल लिहायला बसले आहे, पण त्याआधी दुसरं सांगायला हवं.

तू पत्ता शोधून दिलास त्या ठिकाणी मी दर गुरुवारी जाते, असं तुला फोनवर सांगितलं. ते खरं आहे. दवाखान्यामागची इमारत, पहिला मजला, मध्ये बोळ आणि दोन्ही बाजूंना एकेक खोली. दाराशी एक निवृत्त नर्सबाई उभ्या असतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझे नीट बांधलेले केस पाहिले, हातातली पर्स पाहिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घरच्यांची बैठक इकडे डावीकडे. पिणारे समोर बसतात."

मी डावीकडे गेले. कुणी ढकललं नाही, माझी मीच गेले.

तिथे चहा बरा असतो. कुणी तोंडाचा वास घेत नाही. बायका आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलत होत्या, आणि माझी पाळी आली तेव्हा मी तुझ्या बाबांबद्दल बोलले. हो, तुझ्या बाबांबद्दल. खोकल्याचं औषध घेतानाही बाटलीवरचं बारीक अक्षर वाचणारा माणूस. म्हटलं, पिठाच्या डब्यामागे बाटली लपवतात. म्हटलं, सकाळी हात इतके थरथरतात की कात्री धरवत नाही. मग जीभ चावली आणि कात्रीच्या जागी काच म्हटलं.

पुढच्या गुरुवारी आणखी रंगात आले. नातीला आंघोळ घालता घालता यांचा डोळा लागला, म्हटलं. नळ चालूच, टबातलं पाणी तिच्या हनुवटीला लागलेलं, आणि नशिबाने मुलगी तेवढ्यात आली. ऐकून बायका रडल्या. मीही रडले, तर एकीने मला पाणी आणून दिलं. हे वाचून तुझं डोकं फिरेल, माहीत आहे. तरी पुढे वाच.

नर्सबाईंनी ते मनावर घेतलं. "पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या. नाहीतर आम्ही तुमच्या घरी येतो," म्हणाल्या. माझी दोन्हीकडून गोची झाली. जाणं बंद करावं तर तुला कळणार आणि तुझ्या अटीप्रमाणे पिल्लूचा रविवार हातचा जाणार. त्या घरी आल्या तर यांना कळणार. शेवटी मीच यांना सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मी नुसतं त्या समोरच्या खोलीत बसायचं ना?"

"बोलायला लावतील तुम्हाला."

"मग बोलेन काहीतरी. पिल्लू घरी यायला हवी ना."

काल आम्ही गेलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी कारखान्यातून निघताना दोन घोट घेतले होते आणि वर लवंग चघळली होती. नर्सबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना समोरच्या खोलीत नेलं. शाळेत पहिल्यांदा सोडलेल्या मुलासारखं त्यांनी मागे वळून पाहिलं. डावीकडे बायकांनी माझं कौतुक केलं.

बोळाकडची भिंत प्लायवूडची आहे आणि दोन्ही दारं उकाड्यामुळे किलकिली होती. त्यांनी घसा खाकरलेला मला ऐकू आला. "मी पिठाच्या डब्यामागे ठेवतो," ते म्हणाले. मी सांगितलेलं सगळं ते पाठ केल्यासारखं बोलत होते. हात थरथरतात. नातीला आंघोळ घालत होतो. नळ चालू होता. मग त्यांचा आवाज फाटला. "ती बुडाली असती हो," ते म्हणाले.

हे शेवटचं वाक्य मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पिल्लूच्या त्या आंघोळीच्या दिवसापासून घरात त्यांनी मला याबद्दल एक अवाक्षर विचारलं नव्हतं. ठकू, ते इतके दिवस हे पोटात ठेवून माझ्याशेजारी जेवत होते.

मी उठले. कुणाच्या तरी पायावर पाय पडला, पर्स खाली पडली, ती तशीच राहिली. समोरचं दार ढकललं आणि म्हटलं, "हे पीत नाहीत. नातीच्या आंघोळीच्या वेळी हे दुकानात होते. मी पिते. आत्ताही पिऊन आले आहे."

एका ट्रकवाल्याने शेजारची खुर्ची ओढली. "बसा, ताई." तुझे बाबा लगबगीने उठले, आता आपण डावीकडे जायचं असं त्यांना वाटलं. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. त्यांच्याशिवाय मला तिथे बसणं जमलं नसतं.

आता रविवार. पिल्लूला आणू नकोस.

आज सकाळी यांच्यासमोर बाटली मोरीत ओतली, पण तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. अशा हातात तिला देऊ नकोस. शनिवारी मी फोन करेन, गोड बोलेन, रडेन, यांनाही फोनवर बोलायला लावेन. तरी देऊ नकोस. मी मागितली तर नकोच, यांनी मागितली तरीही नको. ते माझ्यासाठी काहीही खोटं बोलतील, हे आता दोघींनाही कळलं आहे.

बाकी सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे. आज ते लिहीत नाही. काळजी असावी.

तुझी,
आई