एका अक्षराने चुकलेला पत्ता

सोमवार, ४ मार्च

एकशे बारा! दोन दिवसांच्या सुट्टीत एकशे बारा मेल पोचल्याच नाहीत. निम्म्याहून जास्त एकाच गिऱ्हाइकाच्या. त्याची पेटी भरून वाहतेय आणि आपला सर्व्हर दर तासाला जाऊन दार वाजवतोय. पाच दिवस वाजवणार, मग नाद सोडणार. मी आजच सोडला. सगळ्या काढून टाकल्या.

उरल्या त्या घरच्याच — ऑफिसातल्यांनी ऑफिसातल्यांना चुकीच्या पत्त्यावर धाडलेल्या. त्या माझ्या टोपलीत पडतात. उघडायची, कुणासाठी आहे ते बघायचं, खऱ्या पत्त्यावर ढकलायची. कँटीनवाला मला पोस्टमास्तरीणबाई म्हणतो. म्हणू दे.

सर्व्हरच्या खोलीत आजही दोन स्वेटर घालून बसले. बाहेर लोक घामाने निथळतायत.

मंगळवार, ५ मार्च

लिहायला बसलेय पण हात चालत नाही.

टोपलीत ताईची मेल होती. मोठ्या साहेबांना पाठवलेली, पत्त्यात एक अक्षर जास्तीचं. नेहमीसारखी उघडली. चारच ओळी. पाठ झाल्यात —

'कमी करायच्या तिघांची यादी सोबत जोडली आहे. तिसरं नाव माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. सर्व्हरचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेल्यावर तिची जागा उरत नाही. नात्यामुळे तिला वगळावं असं मी सुचवणार नाही.'

सुचवणार नाही!

नऊ वर्षांपूर्वी हिनेच मला इथे चिकटवलं. कर्मचारी विभाग तिचा, तरी माझ्या मुलाखतीला ती मुद्दाम बाहेर बसली होती. कुणी बोट दाखवायला नको म्हणून. तेव्हा मला त्याचं कोण कौतुक!

मेल ना पुढे पाठवली, ना काढून टाकली. तशीच ठेवून घरी आले.

बुधवार, ६ मार्च

पुन्हा तीच मेल. पुन्हा तोच चुकीचा पत्ता. एवढी शिकलेली बाई, एक अक्षर सुधारता येईना!

गुरुवार, ७ मार्च

दुपारी ताई डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. रोजच्यासारखी. तिला तोंड कसं दाखवता येतं माझ्यासमोर?

"चेहरा का उतरलाय, छोटे?"

"काही नाही. थंडी."

मग इकडचं तिकडचं बोलली. आईच्या गुडघ्याचं, भाऊजींच्या नव्या चष्म्याचं. आणि मध्येच, अगदी सहज — "त्या पुलापलीकडच्या हॉस्पिटलमध्ये सर्व्हर सांभाळायची जागा निघालीय. अर्ज कर."

"का? इथे काय वाईट चाललंय माझं?"

डब्यात बघत राहिली. "मी सांगतेय म्हणून कर. आजच कर."

म्हणजे हाकलायचंही हिनेच आणि वाटही हिनेच दाखवायची! मनाला टोचणी नको म्हणून. डबा तसाच बंद केला. उठले आणि हात धुवायला गेले, ती जाईपर्यंत तिथेच नळ सोडून उभी राहिले.

आणि टोपली माझी आहे हे तिला माहीत आहे. मीच हौसेने सांगितलं होतं. विसरली? की मी वाचलं काय, न वाचलं काय, तिच्या लेखी सारखंच?

शनिवार, ९ मार्च

आईने विचारलं, "या आठवड्यात ताई फिरकली नाही ती?" म्हटलं कामात आहे. "तुम्ही भांडला नाहीत ना?" नाही म्हटलं. आईसमोर खोटं बोलायची वेळ आणली तिने.

ऑफिसचं पेन चुकून पर्समधून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारी ही बाई. लहानपणी लपंडावात दहापर्यंत म्हणजे दहापर्यंतच मोजायची, डोळे किलकिले करायची नाही. अशा माणसाने केसाने गळा कापावा! परक्याने कापला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

अर्ज केला नाही. करणारही नाही.

सोमवार, ११ मार्च

तिसऱ्यांदा आली.

मग मी माझं काम केलं. पत्ता दुरुस्त करून मेल मोठ्या साहेबांना पाठवली. वर दोन ओळी घातल्या — 'सदर गोपनीय यादी तीन वेळा चुकीच्या पत्त्यावर पाठवली गेली. नियमाप्रमाणे ती मला उघडावी लागली. आपल्या माहितीसाठी.'

तीन वेळा हे लिहायची गरज नव्हती. मला ठाऊक आहे. तरी लिहिलं.

मग उरलेली टोपली रिकामी केली.

मंगळवार, १२ मार्च

साहेबांनी बोलावलं.

"तुम्ही वाचलंत हे?"

"कामच आहे माझं, साहेब."

"स्वतःचं नाव बघूनही पाठवलंत?"

"हो."

त्यांनी मेल पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "अशी माणसं जवळ ठेवायला हवीत." आणि त्याच दमात — "तुमच्या बहिणीला आत पाठवा."

मी पाठवलं! माझ्या तोंडाने. काचेच्या पलीकडे साहेबांचे हात हलताना दिसत होते, ताई उभीच. बसायलाही सांगितलं नसावं. वीस मिनिटांनी बाहेर आली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्या टेबलाशी थांबली.

"जेवलीस का?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले. तिने काय करून ठेवलंय ते तिला कळू दे एकदा.

शुक्रवार, १५ मार्च

ताईने राजीनामा दिला. दिला कसला — घेतला. यादीतून माझं नाव काढलंय. कँटीनवाल्याने आपणहून चहा आणून दिला, म्हणे वाचलात बाई!

चहा गार झाला. आईला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, १८ मार्च

भाऊजी ताईचं सामान न्यायला आले. एकच खोकं. मीच फाटकापर्यंत सोबत गेले. वाटलं, हे तरी चार शब्द सुनावतील. सुनावले नाहीत. खोकं गाडीवर बांधता बांधता म्हणाले, "यादीत तुझं नाव नको म्हणून ती साहेबांशी दोन दिवस भांडली. मग त्यांनी तिच्याकडून सही घेतली, तोंडातून अक्षर काढायचं नाही म्हणून. तिचा स्वभाव माहीत आहे तुला. तोंडातून नाही काढलं."

मला कळेना.

"छोटे, तिचा पत्ता चुकेल? तीन-तीनदा?"

दोरीची गाठ माझ्या हातात होती. ती सुटली. भाऊजींनीच पुन्हा बांधली.

"ताई काय म्हणतेय?" एवढंच विचारता आलं.

"काही नाही. हॉस्पिटलचा अर्ज केलास का, तेवढं विचारून ये म्हणाली."