फ्लेक्सखालची अक्षरं

सोमवार, ३ फेब्रुवारी

पालिकेत आज दुकानांच्या पाट्यांच्या नव्या नियमांचा मसुदा टाइप केला. शिरूरच्या पेठेत सगळ्या पाट्या एका मापाच्या, एका रंगाच्या. कलम सात — भिंतींवर रंगवलेला जुना मजकूर पुसून टाकावा. टाइप करताना काही वाटलं नाही. माझे वडील, आप्पा, जाऊन बेचाळीस दिवस झाले. याच पेठेत ते पाट्या रंगवायचे. पण फ्लेक्स आले तेव्हाच त्यांचं काम संपलं, असं मी धरून होते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मसुदा मंजूर व्हायचाय, पण विनापरवाना मोठे फ्लेक्स उतरवायला आजच सुरुवात झाली. पोपटरावांच्या कापड दुकानावरचा निघाला आणि मी रस्त्यातच थांबले.

खाली निळी अक्षरं. कमरेएवढी उंच. तांबडी सावली दिलेली. कडा एका श्वासात ओढल्यासारख्या. कोपऱ्यात बारीक सही — मारुती पेंटर. सहीची रेघ तेवढी वाकडीतिकडी. घाईत केली असावी.

मागून रिक्षावाला म्हणाला, "ताई, बाजूला व्हा की. पाटी काय पळून जातीय व्हय?"

पोपटराव बाहेर आले. "तुझ्या आप्पाचं काम हाय हे. बारा वर्सं झाकलं आन् मी पार इसरलो." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अकरा दुकानं. अकरा सह्या. घरात एवढा कमी बोलणारा माणूस पेठभर लिहून गेला!

सोमवार, १० फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. फक्त विचारलं, "निळा उडालाय का?" उडालाय म्हटलं.

लहानपणीचं आठवलं. पेठ उघडायच्या आत आई-आप्पा दोघं निघायची. आई शिडी धरायला जायची. तिच्याही बोटांना रंग लागलेला असायचा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जन्मात पहिल्यांदा हरकतीचा अर्ज दिला. कलम सातमध्ये बदल सुचवला — हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या, दुकानदार तयार असेल तर, राहू द्याव्यात.

साहेब हसले. "मॅडम, मसुदा तुम्हीच टाइप केला, आन् हरकत पण तुमचीच?"

"हो," म्हटलं. अर्जाची पोच घेतली.

मंगळवार, ११ मार्च

सुनावणी झाली. पोपटराव आणखी आठ दुकानदारांना घेऊन आले. मी नुसती मागे उभी. बदल मंजूर झाला! पण अट आहे — फिकी पाटी महिन्याभरात जशीच्या तशी पुन्हा रंगवायची, नाहीतर पुसली जाणार. अकराही फिक्या आहेत.

यवतच्या पेंटरला फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "ताई, मी आता स्टिकरच लावतो. असा हात आपल्या भागात कुणाचा न्हाई राहिला."

घरी येऊन रडले. आप्पा गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. आईने माझ्या फोनवरचे फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "त्यांचे ब्रश कुठं ठेवलेस?"

रविवार, १६ मार्च

उजाडताना पोपटरावांच्या दुकानापुढे शिडी लावली. आईने पदर खोचला. "धर नीट," म्हणाली आणि वर चढली. आखायला खडू नाही, दोरी नाही. एका श्वासात कड ओढली. तीच कड.

"आई, तुला कसं येतं?"

"त्यांचा हात कापायचा. तुझ्या जन्माआधीपासनं." ब्रश थांबला नाही. "शिडी ते धरायचे."