तेलाची बाटली लवकर का संपते

१२ जून १९९९
काल मुंबईला. आमच्या सईचा शेवटचा केमो एप्रिलमध्येच झाला होता, आताचे रिपोर्टही चांगले. मानेतली गाठ गेली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरचं काही दिसत नाही, आता तीन महिन्यांनी या. या वाक्यासाठी वर्षभर तडफडलो, आणि ते ऐकून सुनंदा खुर्चीतून उठेचना. म्हणाली, "तीन महिने हिला बघणार कोण?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

२७ जून
सई शाळेत जायला लागली. तिसरी. केस पेरभर आलेत आणि चक्क कुरळे! आधी सरळसोट होते. दोन्हीकडचे जुने फोटो काढून बसलो, कुरळं कुणी सापडेना. कुठून आले असतील? सु. म्हणाली, घरातही मोजणी सुरू करा आता. मोजणी खात्यात वीस वर्षं काढली, हद्द कुठे ते बघायची सवय लागली आहे. आजार नेमका कुठल्या दिवशी संपला, हे मात्र कुठे लावता येत नाही.

११ जुलै
सायखेड्याहून सासूबाई आल्या. पहिला प्रश्न, वणीला कवा जायचं? केमोच्या दिवसांत सु. तिथल्या देवीला नवस बोलली होती, केस परत आले की सगळे तुला वाहीन. सु. म्हणाली, घाटात पाऊस आहे, धुकं आहे. पटलं.

८ ऑगस्ट
तेलाची बाटली पंधरा दिवसांत संपली. त्या एवढ्याशा केसांना? आज मुद्दाम दारात उभा राहून पाहिलं. सु.चा एक हात केसांत, दुसरा हळूच कानाखाली. गाठ होती तिथेच, दाबून बघत होती. चोर सापडला म्हणून खूश झालो, तसं बोलूनही दाखवलं.
ती शांतपणे म्हणाली, "आणि तुम्ही रोज तिला शाळेचा टाय बांधून देता तो? इलॅस्टिकचा आहे तो."
इलॅस्टिकच्या टायला पाच पाच मिनिटं. चहा तसाच राहिला.
मग मी विचारलं, "लागलं का काही हाताला?"
"नाही. तुमच्या?"
"नाही."

१३ सप्टें.
तपासणी झाली. सगळं ठीक. परतीच्या गाडीत इगतपुरीला वडे घेतले आणि मला हमसून रडू आलं. सई घाबरली. ट्रीटमेंट चालू असताना एकदाही रडलो नव्हतो. तेव्हा नाही, मग आता का? शोधतोय.

१७ ऑक्टो.
पाऊस संपला. धुकं नाही. वणीचं नाव नाही. शेवटी सु.ला सरळ विचारलं. आधी म्हणाली, पुन्हा टक्कल मला बघवायचं नाही. मग म्हणाली, "आणि नवस फेडला, देवी मोकळी झाली, तर मग?"
मी काही देवभोळा नाही. तरी समजूत घालता येईना. जूनमध्ये डॉक्टरसमोर आम्ही दोघं याच 'बघणार कोण'पाशी अडकलो होतो.

११ नोव्हें.
भाऊबीजेला सायखेडा. सु. आईला विचारत होती, एकच बट वाहिली तर? सासूबाई म्हणाल्या, "बोललीस तेवढं द्यावं लागतं, बाई. लय दिस झाले." सई अंगणातून ऐकत होती. आत येऊन म्हणाली, "केस माझे आहेत ना? मला कुणी विचारलं?"
खरंच, कुणीच नव्हतं विचारलं.

१४ नोव्हें.
सई तीन दिवस विचार करत होती. आज सकाळी आम्हा दोघांना समोर बसवलं.
"मी केस देते. पण मग तुम्ही माझ्या मानेला हात लावायचा नाही. तेल लावताना नाही, टाय घालताना नाही. मला सगळं कळतं. तुम्ही हात लावला की मलापण भीती वाटते."
मला वाटत होतं, आम्ही तिच्यापासून लपवतोय. ती रोज मान वर करून उभी राहायची ती आमच्यासाठी. जीव तुटला. दोघांनी कबूल केलं. "डॉक्टर बघतील ते चालेल," एवढी सूट तिनं दिली.

२१ नोव्हें.
गडावर जाऊन आलो. न्हाव्यासमोर सई हूं की चूं न करता बसली. सु. पायऱ्यांकडे तोंड करून उभी. काळ्या कुरळ्या केसांची ओंजळभर रास झाली. एक घेऊन खिशात ठेवला, घरी नीट बघायला. मग वाटलं, नवस सगळ्या केसांचा होता. परत ठेवला. कुरळे का आले ते राहिलंच.

२२ नोव्हें.
सईनं टाय स्वतः घातला. इलॅस्टिक ओढलं, सोडलं, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.
आता समोर बसून पोहे खातेय. केस नाहीत, त्यामुळे कानामागपासून खांद्यापर्यंत मान उघडी, खिडकीचं ऊन नेमकं तिथंच. डावीकडे काही दिसतंय का? सावली असेल. तपासणीला अजून तीन आठवडे आहेत. सु.नं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.
तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. मी हे लिहितोय, म्हणजे निदान माझा एक हात कामात आहे.