अंतरपाटामागचा कचरू

मोताळा,
१९ ऑक्टोबर २००८

प्रिय हिंमतराव,

हैदरचा सलाम घे आणि वहिनींना माझा नमस्कार सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? (नाशिकच्या थंडीत जपत जा, आपली हाडं उन्हात वाढलेली आहेत.) चि. डिंपल आठवीत गेली हे वाचून बरं वाटलं. इकडे खुर्शीदाची तब्येत ठीक, अजहर जळगावला नोकरीला लागला, आणि लाइट दिवसातून किती तास जाते हे विचारण्यापेक्षा किती तास असते हे विचार, लवकर सांगून होईल. कापसावर यंदाही लाल्या रोग आहे. लोक बांधावर उभे राहून नुसते पाहतात.

आता तू डिस्क करायला पाठवलेल्या तुझ्या लग्नाच्या कॅसेटविषयी. दोन महिन्यांत तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी दुकानात नव्हतो असं खुर्शीदाने सांगितलं. मी दुकानातच होतो. डिस्क तयार आहे, या पत्रासोबतच पाठवतो आहे, पण ती लावायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच. आणि वाचताना बसून घे.

कॅसेटचा पहिला अर्धा तास उत्तम निघाला. तुझी आई, मंजुळाकाकू, हिरव्या नऊवारीत मांडवभर फिरते आहे, सगळ्यांना पेढा देते आहे, आणि मला कॅमेरा बाजूला ठेवून आधी जेव म्हणून खुणावते आहे. (अल्ला तिला जन्नत देवो. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, ते पाहणारी ती एकटीच.) मग तू बोहल्यावर. वहिनी बोहल्यावर. भटजी, मंगलाष्टकं, अंतरपाट. अंतरपाट खाली येऊ लागतो, आणि समोर वहिनी नाहीत. समोर कापसाचं शेत आहे आणि त्यात एक माणूस बनियनवर पांढरा सदरा चढवतो आहे.

मी मशीन बंद केलं. पुन्हा चालू केलं. माणूस तोच. बटणं लावून झाल्यावर त्याने थेट माझ्याकडे पाहिलं, आणि तो कचरू होता. तू त्याला ओळखत नाहीस. आमच्याकडे दूध घालायचा. दोन हजार चारच्या जुलैमध्ये शेतातून परतताना त्याच्यावर वीज पडली. त्याच्या मातीला मी स्वतः गेलो होतो.

हे असं कसं झालं ते आता कबूल करतो. दोन हजार तीनच्या दिवाळीच्या आसपास मंजुळाकाकूंनी बुरशी लागली म्हणून ही कॅसेट माझ्याकडे साफ करायला दिली होती. अर्धा तास साफ झाली आणि लाइट गेली. कॅसेट टेबलावर राहिली, दमट हवेने तिची चिठ्ठी गळून पडली. त्याच आठवड्यात बीटी बियाण्याचा एक प्रचारवाला जीप घेऊन आला. त्याला शेतकऱ्यांच्या तोंडून बियाण्याची तारीफ हवी होती, गावोगावी दाखवायला. मी घाईत हाताला लागली ती कॅसेटही जादा म्हणून सोबत घेतली. त्याने चार शेतकरी उभे केले आणि चौघांना आळीपाळीने एकच पांढरा सदरा घातला. कचरूचा नंबर शेवटचा; तोवर पहिली कॅसेट संपली, म्हणून त्याच्यासाठी ही घातली. सदरा त्याला इतका तंग की हात वर केला की पोट दिसायचं. पुढे त्याच मोसमात पीक बुडालं, प्रचारवाला पुन्हा फिरकला नाही, आणि मी कॅसेट साफ झाली समजून काकूंना परत केली. (मला शिव्या द्यायच्या असतील तर इथे थांबून देऊन घे. पुढे तुला सुचणार नाहीत.)

तर मी डिस्कसाठी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होतो. दुकानातला टीव्ही चालू. तेवढ्यात एक बाई निराधार योजनेच्या अर्जासाठी फोटो काढायला आली आणि बाकावर बसली. मी मान वर केली तर सत्यभामाबाई. कचरूची बायको. टीव्ही बंद करायला हात पुढे केला, पण तिने पाहून घेतलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मानूस तं आमच्या घरचाच दिसते. पण सदरा आमचा नाही."

टीव्ही चालूच राहिला. कचरूने पढवल्यासारखी तारीफ केली, मध्येच विसरला, हसला. प्रचारवाला बस म्हणाला. आणि मी मूर्खाने कॅमेरा बंद न करता बांधावर ठेवला होता. पुढे चित्रात फक्त ढेकळं, कपाशीच्या पऱ्हाटीचे बुडखे आणि कचरूचे दोन पाय. आवाज मात्र साफ. पलीकडच्या ओळीत त्याची बायको कापूस वेचत होती, तिच्याशी तो बोलत होता. तिचं उत्तर लांबून असल्यामुळे कॅसेटमध्ये आलेलं नाही. तिथे नुसता वारा.

"अव भामा, पोट्टी जेवली का?" कचरूने विचारलं, आणि मग वारा.

"जेवली," माझ्या बाकावरून सत्यभामाबाई म्हणाली. "आता शायेत जाते. तिसरीत हाय."

"तिले सावलीत ठेव जराशी."

"ठेवतो ना."

हिंमतराव, इथे नीट वाच. ती टीव्हीकडे बघून बोलत नव्हती. उंबऱ्यात कोणी उभं असावं तशी ती दाराकडे बघून बोलत होती. भर दुपार, समोर बस स्टँडचा कलकलाट, आणि माझ्या दुकानात इतकी थंडी की मी पंखा बंद केला. (पंखा आधीच बंद होता. मी बटण उगाच दाबलं.)

"कवा येता?" तिने विचारलं.

"आलोच," कचरू म्हणाला. "आलोच."

कॅसेटमध्ये तो प्रचारवाल्याच्या जीपच्या हॉर्नला उत्तर देत होता, हे मला ठाऊक आहे. मी तिथे हजर होतो. पण सत्यभामाबाईने पदर सावरला आणि बाकावर थोडी सरकून बसली. एका माणसाची जागा झाली. मग तिने फोटो काढून घेतला आणि घरी गेली. त्या फोटोत ती हसते आहे. अर्जाला असला फोटो चालत नाही म्हणून पुन्हा काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी डिस्क तपासायला लावली. तेव्हा कळलं की आठवडी बाजाराच्या रिक्षासाठी जाहिरात बोलायचा, कॉम्प्युटरला जोडलेला माइक मी चालूच ठेवला होता. त्यामुळे डिस्कमध्ये दोघांचे आवाज आले आहेत. जिथे वारा होता तिथे ती आहे. हॉर्न तिच्या आवाजाखाली दबला आहे. ऐकणाऱ्याला एवढंच ऐकू येतं की एक नवरा-बायको बोलत आहेत, आणि नवरा येतो म्हणतो आहे. आतून खुर्शीदा पीठभरल्या हातांनी आली आणि म्हणाली, "कचरूभाऊ आले का? तीन कप चहा ठेवला." बोलून झाल्यावर तिला आठवलं, आणि ती तिसरा कप परत ओतायला आत गेली.

माइक बंद करून पुन्हा उतरवावं म्हणून मी कॅसेट परत लावली. मशीनने ती नेमकी कचरूपाशी चावली. पेन्सिल घालून, फीत हाताने ओढून बाहेर काढली, पण तेवढा तुकडा चुरगळलेल्या कागदासारखा झाला. म्हणजे कचरूचं बोलणं आता फक्त त्या डिस्कमध्ये आहे, आणि तिथे तो एकटा नाही. त्याचा भाऊ पुंजाजी ऐकायला आला आणि अर्ध्यातून उठून गेला. त्याच्या चपला अजून माझ्या पायरीवर आहेत. मी निरोप पाठवला तर म्हणाला, राहू द्या.

मी सत्यभामाबाईला डिस्कची एक कॉपी देऊ केली. तिने घेतली नाही. "त्याच्यात मी हावो," ती म्हणाली. "मले फक्त ते पाहिजे. ती डबी द्या." मी म्हटलं, बाई, फीत चावली गेली, आता ती चालत नाही, आणि तुझ्याकडे तर मशीनच नाही. ती म्हणाली, "मशीन कायले पाहिजे?"

तुझ्या डिस्कची रचना आता लक्षात घे. आधी मांडव, मग अंतरपाट, मग पाऊण तास कापूस, मग थेट पंगत. सलग पाहिलं तर तुझं लग्न कचरूशी लागल्यासारखं दिसतं. डिंपलला काय सांगायचं ते तू ठरव. माझं काही म्हणणं नाही. वहिनींचा राग शांत झाला की कळव.

तुझा,
हैदर

ता. क. : खरं विचारायचं ते राहून गेलं. मूळ कॅसेट तुझी आहे. तिच्यात मंजुळाकाकू आहेत, तो भाग धड आहे, मशीनवर अजून चालतो. तरी ती सत्यभामाबाईला देऊ का? काकूंचं सगळं तुझ्या डिस्कमध्ये नीट आलं आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही.

ता. क. २ : कॅसेट मागच्या सोमवारीच दिली. तिने ती फडक्यात गुंडाळली आणि तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून नेली. नाही म्हणायचं असेल तर तू इथे ये आणि तिच्याकडून परत माग. माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. ३ : आज ती निरोप सांगायला आली होती, तो जसाच्या तसा लिहितो. डिस्क हवी तेव्हा पाहा, पण दुपारी दोनच्या सुमारास लावू नका. त्या वेळी तो तिच्याकडे असतो, आणि नाशिक लांब पडते.