नसलेल्या मुलीचा हात

बदलापूर (पूर्व)
सोमवार, ५ मे २०२५

चि. जिज्ञासा हिला आत्तेचे अनेक आशीर्वाद.

मामाकडे मजेत आहेस असं तुझ्या आईकडून कळलं. इकडे आम्ही ठीक. राजूकाकांना आता सकाळची शिफ्ट मिळाली, त्यामुळे घरात पाचपासून भांडी वाजतात. पाण्याची बोंब आहेच. समोरच्या बनूबाई तुझी आठवण काढतात, ‘ती चष्मेवाली पोरगी दिसली नाही दोन रविवार’ म्हणून. आमचा समर्थ पास झाला तेव्हा तू इथेच होतीस. फिजिक्समध्ये तो काठावर नाही, चांगला वर आहे. ते मार्क कोणाचे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

हातात फोन असताना आत्तेला पत्र कुठून सुचलं म्हणून हसशील. फोन केला होता ना गुरुवारी. तू ‘हां आत्ते, बोल’ म्हणालीस आणि मी कैरीच्या लोणच्याचं काहीतरी विचारून ठेवून दिला. समर्थ उद्या तुझ्या मामाच्या गावाला येतोय, त्याच्या हाती हे देते. वाचून झालं की तो काही बोलला तर त्याला ओरडू नकोस. त्याची चूक नाही.

काल मी पालेगावला तुमच्या घरी जाऊन आले. तुझ्या आईबाबांशी, जयदेवशी आणि भागीरथीवहिनीशी बोलले. आता तू घरी गेलीस की सगळे तुझ्याशी जरा वेगळं वागतील, तुला काहीतरी विचारतील. ते का, हे त्यांच्याआधी माझ्याकडून तुला कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसले.

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला तेव्हा जयदेव आणि वहिनी तुला घेऊन आमच्याकडे आले होते. गावातून पेढे घेऊन. नव्वदच्या वर टक्के आपल्या घरात आजवर कोणी बघितले नव्हते. समर्थचाही निकाल त्याच दिवशीचा, पण आम्ही पेढे आणले नव्हते. आणायचे की नाही यावर सकाळी माझं आणि काकांचं वाजलं होतं.

जयदेव म्हणाला, “ताय, तू रोज सायन्सच्या पोरांत असतेस. पोरीला सायन्सच पायजे. तू बोलशील तसं.”

मी कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुते, बाटल्यांना लेबलं लावते, प्रॅक्टिकलचं सामान मांडते. पण आपल्या माणसांच्या लेखी मी सायन्सवाली. माझा शब्द तिथे प्रिन्सिपलपेक्षा मोठा. मी म्हटलं, लांब पडेल. मी म्हटलं, क्लास लावावे लागतात, त्याशिवाय होत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. जयदेव मान हलवत होता, पण तू हलत नव्हतीस. तू म्हणालीस, “मी क्लासशिवाय करीन.”

मग मी ती मुलगी सांगितली.

आमच्या लॅबमध्ये एका मुलीच्या हातावर ॲसिड सांडलं, कोपरापर्यंत कातडं गेलं, आता तिचं लग्न जमत नाही. वहिनीने तोंडावर पदर घेतला. “बाय माझे! कुनाची गो पोर ती?” मी म्हटलं, तिकडे उल्हासनगरला, कॅम्प तीनला राहते. इतकं सहज आलं ते तोंडातून, की तिचं घर, तिची आई, सगळं मला दिसायला लागलं.

तू तेवढं विचारलंस. आठवतं तुला? “आत्ते, शाळा-कॉलेजात पाणी घातलेलं ॲसिड असतं ना? डायल्युट? त्याने एवढा हात जाईल?”

मी म्हटलं, “पुस्तकातलं वेगळं, लॅबमधलं वेगळं.”

वहिनी रस्त्यातच जयदेवला म्हणाली म्हणे, माझ्या पोरीचा हात असा झाला तर मी जगनार नाय. जुलैमध्ये तू उल्हासनगरला कॉमर्सच्या वर्गात जाऊन बसलीस.

जिज्ञासा, ती मुलगी नाही. कधीच नव्हती. मी लॅबमध्ये लागल्यापासून तिथे एकदा काच लागून रक्त आलं, एकदा एका मुलाच्या भुवया जळल्या. बाकी काही नाही. सायन्सला वर्गात पहिल्या येतात त्या बहुतेक मुलीच असतात.

का बोलले, हे लिहिण्यासाठी मी हे पत्र सकाळपासून तिसऱ्यांदा लिहितेय. तुझ्या काळजीपोटी बोलले असं आधी लिहिलं होतं. फाडलं ते. खरं असं आहे की तू माझ्याच कॉलेजात येणार होतीस, समर्थच्याच वर्गात. मी स्टाफरूमबाहेरून जाताना ‘अंजनीबाईंची भाची बघा आणि मुलगा बघा’ असं मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. काका उठता-बसता समर्थला तुझं नाव ऐकवणार, तेही. माझ्या भावाची मुलगी माझ्या मुलाच्या पुढे जाताना मला रोज, माझ्याच लॅबमध्ये, उभं राहून बघायचं नव्हतं. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यावर भागलं नाही. वहिनी भेटेल तेव्हा विचारायची, “ती पोर कशी हाय आता?” मी म्हणायचे, बरी आहे. गणपतीत तिने मला तेलाची बाटली दिली, झाडपाला घालून स्वतः उकळलेलं, भाजल्यावर लावायचं. त्या पोरीला दे म्हणाली. मी घेतली. घरी आणून मोरीत ओतली आणि बाटली धुऊन ठेवली.

आणि दिवाळीनंतर तू यायला लागलीस.

समर्थ पहिल्या चाचणीत तीन विषयांत गेला होता. भाऊबीजेला तू त्याचं फिजिक्सचं पुस्तक चाळत बसलीस ती जेवायलाही उठली नाहीस. पुढच्या रविवारी परत आलीस. मला वाटलं, सुट्टीची आलीय. मग दर रविवारी. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायचे आणि बाहेर तुझा आवाज यायचा. एकदा तो म्हणाला, “मला ते वर्तुळातलं डोक्यावरून जातं.” तू म्हणालीस, “शेअर रिक्षात कडेला बसतोस ना? वळणावर बाहेर फेकला जातोस. पण रिक्षा तुला फेकत नाही. तू सरळच चाललायस, रिक्षा वळलीय.” तो इतक्या जोरात “अरे हां यार!” ओरडला की मी दचकले. आमच्या सरांना हे वर्षभर जमलं नव्हतं. माझी तव्यावरची भाकरी करपली. तुला ती दिली नाही, मी खाल्ली.

तुला वाटलं असेल आत्ते माझे किती लाड करते. ती पापलेटं, तो ड्रेस. सांगते आता, ते लाड नव्हते.

गेल्या महिन्यात निकालाच्या दिवशी तू निघताना चपला घालता घालता विचारलंस, “आत्ते, समर्थची अकरावीची पुस्तकं मी नेऊ? त्याला आता लागणार नाहीत.” मी म्हटलं ने. तू ती पिशवीत न घालता छातीशी धरून जिना उतरलीस. मी दार लावलं आणि समर्थला म्हटलं, किती करते रे तुझ्यासाठी. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, “माझ्यासाठी नाही करत.”

“मग?”

“तिला वाचायला मिळतं म्हणून येते. पहिल्याच दिवशी बोलली मला. बोलली, मी शिकवते तुला, पण पुस्तक मी पहिलं वाचणार.” मग म्हणाला, “आणि ती ॲसिडवाली मुलगी नव्हती ते तिला माहितीये. मला विचारलं तिने. मी काय खोटं बोलू?”

म्हणजे तू सगळे रविवार माहीत असून माझ्या हातचं जेवलीस.

मी लगेच उठून पालेगावला गेले असं लिहायला आवडलं असतं. नाही गेले. दोन आठवडे काढले. काल गेले. जयदेव ओटीवर होता, वहिनी अंगणात सुकटी पसरत होती, तुझी आजी तिथेच बसून कावळे हाकत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर चहा आला असता आणि मग बोलले नसते.

वहिनीने हात पदराला पुसले. मग म्हणाली, “मंग ते तेल कोनाला लावलं?”

मी सांगितलं.

ती उठून आत गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. जयदेव चिडेल, मला दोन शब्द बोलेल, अशी तयारी करून गेले होते. तो खाली बघत म्हणाला, “ताय, खरं बोलू? तू नको बोललीस तवा मला बरंच वाटलं. लांब पाठवायला मला पन भ्या वाटत व्हतं. पोरीला नाय कसं बोलू, ते तू बोललीस.” असं म्हणून तो रडला. माझ्या वाटणीचं त्याने थोडं उचललं, पण त्याने माझं हलकं झालं नाही. आजीच शेवटी बोलली, “आता पोरीला इचारा. तिला कोनी इचारलंच नाय.”

तर तेच विचारायचं आहे. मी ऑफिसात चौकशी केली. बारावीला मधेच सायन्स मिळत नाही. अकरावी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, एक वर्ष जाईल. तुझ्या मैत्रिणी पुढे जातील. कॉमर्समध्ये तू पहिली आली आहेस, तेही सोडावं लागेल. ते वर्ष मी घेतलंय, आणि ते मला कुठूनही भरून देता येणार नाही. प्रवेश या महिन्याच्या शेवटी सुरू होतील. आमच्या कॉलेजात यायचं नसेल तर उल्हासनगरलाही चांगली आहेत, अंबरनाथलाही. कॉमर्सच पुढे करायचं असेल तर तसं. कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नकोस. माझ्या तर नाहीच.

माफ कर असं लिहीत नाही. तू लहान आहेस, मोठ्या माणसाने तसं लिहिलं की तुला ‘जाऊ दे आत्ते’ म्हणावंच लागेल. ते म्हणू नकोस.

तुझ्यापुढे मान वर न होणारी,
अंजनी आत्ते

*

गुरुवार, ८ मे

आत्ते,

समर्थने पत्र दिलं आणि लगेच विहिरीवर पळाला, पोरांबरोबर. घाबरला होता. मी ओरडले नाही त्याला.

मला मोठं पत्र लिहिता येत नाही. व्हॉट्सॲपवर टाइप केलं होतं, पण तू पत्र लिहिलंस तर मीपण लिहिते.

तू खोटं बोलत होतीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू बोलताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, आईकडे बघत होतीस. मी बाबांना रिक्षात बोलले पण, असं काही होत नाही. ते बोलले, आत्ते खोटं कशाला बोलेल? त्याचं मला उत्तर येत नव्हतं. वर्षभर मी तेच शोधत होते, आत्तेला माझं काय वाईट वाटलं असेल. मला वाटायचं मीच काहीतरी केलंय. पेढे घेऊन यायला नको होतं का, असं पण वाटलं. आता कळलं. कळून बरं वाटलं नाही, पण शोधणं थांबलं.

समर्थ बोलला ते खरं आहे, मी पुस्तकांसाठी यायचे. पण फक्त तेवढंच नाही. प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज आत्ते सांगेल. तू ताटात अजून एक तुकडी वाढायचीस आणि मला वाटायचं, आता बोलेल. मग तू विचारायचीस, भात देऊ?

आईशी काल फोनवर बोलले. ती तुझं नाव घेत नाहीये. तिला वेळ लागेल. तिने त्या मुलीसाठी नवस बोलला होता, हे तुला माहीत नसेल. आता तो फेडायचा की नाही हे ती मला विचारत होती. मी बोलले, फेड.

मी सायन्स घेतेय. अकरावी परत. बाबा बोलले, वर्ष फुकट जाईल, विचार कर. मी बोलले, झाला विचार. माझ्यापेक्षा लहान पोरांमध्ये बसायला लाज वाटेल थोडी, पण चालेल. कॉलेज उल्हासनगरचंच टाकणार पहिलं. तुझं टाकणार नाही. तू तिथे असशील आणि मी प्रयोग करताना तू काय विचार करत असशील याचाच मी विचार करत बसेन. मला ते नकोय. मला फक्त शिकायचंय.

समर्थला बारावीचं मी शिकवू शकणार नाही, माझंच अजून व्हायचंय. त्याला सांग, स्वतः वाच. त्याला येतं, तो फक्त घाबरतो.

तू लिहिलंस की ‘जाऊ दे आत्ते’ म्हणू नकोस. नाही म्हणत.

आजीपण फोनवर विचारत होती, अंजनी परत कधी येणार. मी तिला सांगितलं, मी बोलवीन तेव्हा. म्हणून आत्ता येऊ नकोस. पावसाळा जाऊ दे, कॉलेज सुरू होऊ दे, आई बोलायला लागू दे. मग मी फोन करीन. तेव्हा लोणच्याचं विचारू नकोस.

तुझी भाची (हे अजून आहेच),
जिज्ञासा