कॉलेजच्या रंगमंचाची पूजा

ती. सौ. अक्कास मधुमतीचा वाकून नमस्कार.

मेतकूट आणि उदबत्त्या पोचल्या. तीनशेच्या जिनसांना नऊशे टपालखर्च, पण वास अगदी आपल्या देवघराचा.

इथे नॉटिंगहॅमला लेकीच्या कॉलेजात नाटकांचा सीझन सुरू झालाय. पहिल्याच म्युझिकलमध्ये आपली पूर्वी राणी झाली! पण ना नांदी, ना नारळ. मला राहवेना. डबा द्यायला पडद्यामागे गेले, तेव्हा फुलं वाहून तुझी उदबत्ती लावली. लगेच फायर अलार्म! राणीसकट सगळं थिएटर थंडीत बाहेर.

काळजी नको, नंतर प्रयोग रंगला. पूर्वी मात्र दोन दिवस बोलेना. आज म्हणाली, "आई, पुढच्या शोला नारळ फोड, सर ओके म्हणालेत. पण कारपार्कमध्ये, आणि धूर अजिबात नको!"

उदबत्तीशिवाय पूजा देवाला पोचते का गं? गुरुजींना विचारून उलट टपाली कळव.

तुझी धाकटी,
मधू