राणीचा कासोटा

बाभुळगाव, गणपतीचा सहावा दिवस, १९६१

आमच्या मंडळाच्या नाटकात सतरा वर्षे राणी मीच होतो. यंदा नागपूरहून बाई आणली. काहून, तर लुगड्यातला बाप्या पाहून लोक आता हसतात!

आज तालमीत तिने नऊवारीचा कासोटा ढिला खोचला होता. असा असतो कासोटा? मी मुद्दाम गप्प बसलो. सुटू दे चारचौघांत.

तर तीच जवळ आली. “दादा, तुमची ती राणीची चाल मले जमून नाही राह्यली. शिकवा ना.”

“चाल मागून. आधी कासोटा घट्ट खोचा, बाई,” बोलून गेलो. मग चालही दाखवली.

ती चालली. मॅनेजर ओरडला, “वा! आता कुठं खरी राणी दिसून राह्यली!”

चाल माझीच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.